चारशे मीटरची नोंद

लिफ्ट बंद पडली की माणसांना लिफ्टवाल्याची आठवण येते. ती सुरळीत चालत असली की तो जिवंत आहे की नाही याचीही कुणी चौकशी करत नाही. या माणसाने सव्वीस वर्षं उंच इमारतींच्या डोक्यावरच्या मशीनरूममध्ये काढली. खाली लोक बटणं दाबत, वर हा दोर, कप्प्या आणि ब्रेक यांच्यात वाकून बसलेला. सगळे त्याला लिफ्टवालाच म्हणत. बायकोसुद्धा चिडली की दारातच म्हणायची, "या लिफ्टवाले, उतरलात का खाली?"

हात निबर, मान जराशी पुढे झुकलेली, बोलणं मोजूनमापून. कामात मात्र पक्का. प्रत्येक मशीनरूमच्या दारामागे एक कार्ड टांगलेलं असतं. ब्रेक पाहिला, दोर पाहिले, दाराचा सेन्सर पाहिला. तारीख आणि सही. पुष्कळ कारागीर जिन्यात बसून सहा महिन्यांच्या सह्या एका बैठकीत ठोकतात. याने तसं कधी केलं नाही. न पाहिलेल्या ब्रेकखाली याची सही सापडली नसती. ही गोष्ट तो कुणाला सांगायचा नाही, पण मनातल्या मनात तिच्यावर जगायचा.

ट्रायथलॉनच्या नादाला तो लागला तोही लिफ्टमुळेच. पोहण्याच्या तलावाच्या सहा मजली इमारतीत लिफ्ट अडकली होती आणि हा हत्यारं घेऊन दिवसभर खालीवर करत होता. तिकिटाच्या खिडकीशी गळ्यात शिट्टी घातलेली, आखूड पांढऱ्या केसांची एक बाई बसली होती. तिने त्याला संध्याकाळी थांबवलं.

"अकरा वेळा वर गेलास. मी मोजलंय. धाप कशी लागत नाही रे तुला?"

"लिफ्ट बंद असली की सगळ्यांनाच जिना चढावा लागतो, बाई. त्यात मीही आलोच."

"सायकल चालवतोस?"

"कामावर सायकलनेच येतो."

"आणि पोहतोस का?"

"अंघोळ करतो."

बाई खो खो हसली. ती होती कोचबाई. तीस वर्षं तिने बुडणारी माणसं बाहेर काढली होती आणि आता तीसेक माणसांचा एक क्लब चालवत होती. पाण्यात पोहायचं, ओल्या अंगाने सायकलवर बसायचं, सायकल टाकून धावत सुटायचं, आणि हे सगळं एका दमात. लिफ्टवाला तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होता. वर्षभरात तो पोहायला शिकला. धावणं आणि सायकल त्याच्या पायांना जिन्यांनी आधीच शिकवून ठेवलं होतं.

क्लबचा सगळा कारभार एका सॉफ्टवेअरवर चाले. रोजचा सराव मनगटावरचं घड्याळ आपोआप तिथे पाठवायचं. शर्यतीची नोंद मात्र ज्याची त्याने हाताने करायची. पूर्ण केली तर हिरवा चौकोन. अर्ध्यात सोडली तर 'अपूर्ण', अर्धा पिवळा चौकोन, आणि त्यासोबत प्रश्न: कुठे थांबलात, किती अंतर झालं? आणि नाव देऊन उतरलाच नाहीत तर 'सुरूच नाही'. तो चौकोन राखाडी, आतून पोकळ, आणि त्याला कारण लिहावं लागायचं. नोंद पुसायची सोय कोचबाईंनी बंद करून ठेवली होती. त्या म्हणायच्या, "जे झालं नाही तेच मला आधी कळलं पाहिजे. तुमचा पुढचा सराव मी हवेवर बांधू का?"

दर बुधवारी सगळे जमायचे आणि भिंतीवर मोठ्या पडद्यावर प्रत्येकाच्या नावापुढे जुन्या चौकोनांच्या ओळीत त्या आठवड्याचा नवा चौकोन दिसायचा. तिथे एक रीत पडून गेली होती. हिरव्याला टाळ्या पडायच्या, पण अर्ध्या पिवळ्याला त्याहून जोरात. पाण्याशी झुंजून हरलेल्या माणसाचा मान मोठा, असं कोचबाईंनी सुरुवातीलाच ठरवून टाकलं होतं. राखाडी चौकोन आला की मात्र कुणी काही बोलत नसे. माणसं आपापल्या बुटांकडे बघत. टोमणा नाही, हसणं नाही. ती शांतता टोमण्यापेक्षा वाईट होती.

लिफ्टवाल्याच्या पहिल्या दोन शर्यती अपूर्ण राहिल्या. शर्यती गावाबाहेरच्या मोठ्या तलावात असत. शिकायच्या तलावात तळाला निळ्या फरश्या दिसतात, त्यावर काळी रेघ असते; मोठ्या तलावात तोंड खाली घातलं की हिरवट अंधार, आणि त्याच्या खाली काही नाही. लिफ्टच्या तीस मजली शाफ्टमध्ये, त्या उभ्या विहिरीत, हा माणूस एका पायावर उभा राहून काम करत आला. शाफ्टला तळ असतो, तळाशी स्प्रिंग असते, हे त्याला ठाऊक होतं. इथे ठाऊक असं काहीच नव्हतं. छाती घट्ट व्हायची, हात पाण्याला थापडा मारायला लागायचे आणि बोटीवरचा माणूस बखोटीला धरून वर घ्यायचा. पहिल्या वेळी एकशे दहा मीटर. दुसऱ्या वेळी साठ. त्याने तेच लिहिलं. बुधवारी टाळ्या पडल्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या. अडकलेल्या लिफ्टमधून बाहेर काढलेली माणसं सुद्धा आधी त्याच्यावर ओरडतात. त्या दोन बुधवारी तो घरी सायकलने गेला की तरंगत गेला, हे त्याला कळलं नाही.

तिसरी शर्यत आली, शेकडो माणसांची; त्यात कोण कुठवर पोचलं हे क्लबाला ज्याच्या त्याच्या नोंदीवरूनच कळायचं. आदल्या दिवशी त्याने सायकल पुसली, पोहायच्या चष्म्याला आतून फेस लावला, बायकोने बूट मांडले. सकाळी तो टोपी घालून रांगेत उभा राहिला आणि समोरच्या हिरवट पाण्याकडे त्याने पाहिलं. तो रांगेतून निघाला, सायकलींच्या मागे गेला आणि तिथे गवतावर उकिडवा बसून राहिला. भोंगा वाजला, पाण्याचा मोठा आवाज झाला, काठावरची माणसं ओरडली. बायको त्याला शोधत आली. त्याच्या शेजारी बसली आणि तिच्या मांडीवर त्याचे धावायचे बूट होते.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्याने सॉफ्टवेअर उघडलं. 'सुरूच नाही' वर बोट नेलं. राखाडी चौकोन डोळ्यांपुढे आला, आणि त्याभोवतीचे तीस जणांचे बूट. बोट सरकलं आणि 'अपूर्ण' वर पडलं. किती अंतर झालं? शंभर लिहिलं तर पुन्हा तेच रडगाणं, सातशे लिहिलं तर निर्लज्जपणा. दुसरा लाल फुगा चारशे मीटरवर होता हे त्याला आठवत होतं. चारशे हा आकडा त्याला सभ्य वाटला.

बुधवारी टाळ्या पडल्या. एकशे दहा, साठ आणि आता एकदम चारशे! एकाने शिट्टी मारली. कोचबाई म्हणाल्या, "बघा, याला म्हणतात चिकाटी." लिफ्टवाल्याने मान खाली घातली आणि लोकांना तो विनय वाटला.

त्याला झोप लागेना. पाचव्या दिवशी ठरवलं, बदलून टाकू. सहाव्या दिवशी सरकारी रुग्णालयाची लिफ्ट बंद पडली आणि तो दोन दिवस तिथेच होता. आठव्या दिवशी दुपारी मशीनरूममध्ये डबा बाजूला सारून त्याने मोबाईल उघडला. चौकोनावर एक छोटंसं कुलूप दिसत होतं. 'सात दिवसांनंतर नोंद बदलता येत नाही. बदलासाठी प्रशिक्षकांना भेटा.' मोटार घरघरत होती, दोर वर जात होते, खाली येत होते. तो त्या कुलपाकडे बघत बसला आणि डबा तसाच घरी आला.

इथपर्यंत खोटं त्याचं एकट्याचं होतं. त्याने कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण क्लबात आणखी एक नियम होता. पहिल्यांदा मोठ्या तलावात उतरणाऱ्याला एकटं सोडत नसत. ज्याने उघड्या पाण्यात निदान चारशे मीटर काढलेत असा एक जोडीदार त्याच्यासोबत पोहायचा, अगदी हाताच्या अंतरावर. शर्यत पूर्ण केली की नाही याला महत्त्व नव्हतं, चारशे मीटरला होतं. जोड्या सॉफ्टवेअरच लावायचं. नवख्यांच्या छोट्या शर्यतीची यादी लागली, तीनशे मीटर पोहण्याची, आणि लिफ्टवाल्याच्या नावापुढे बेकरीवालीचं नाव आलं.

बेकरीवाली चाळिशी ओलांडलेली, दंड कणीक मळून मळून खांबासारखे झालेले, हसली की तलावाच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल. दोन मुली. त्यांनी तिला चिडवून चिडवून पोहायला पाठवलं होतं. ती लिफ्टवाल्याकडे आली ती कागदात गुंडाळलेला गरम पाव हातात घेऊन.

"दादा, हा वहिनींना द्या. आणि हे बघा, मी तुमच्या मागे मागे येणार. तुम्ही थांबलात की मी थांबणार. तुम्ही बुडालात की मी बुडणार."

"असं बोलू नये, ताई."

"अहो, गंमत. तुम्ही चारशे काढलेत, मला तीनशेच काढायचेत. तुमच्यासाठी तर हे दाराबाहेर चपला काढण्याएवढं."

पाव त्याच्या हातात गरम होता आणि हात गार पडले होते.

घरी बायकोने पाव घेतला, वास घेतला आणि विचारलं, "कुणी दिला?" त्याने सांगितलं. जोडीदार म्हणजे काय तेही सांगावं लागलं. चारशे मीटरचा आकडा तोंडातून निघाला तेव्हा तिने सुरी खाली ठेवली.

"चारशे? कुठे काढलेत? बाथरूममध्ये?"

त्याने पावाचा कागद उचलला आणि घडी घालायला घेतली.

"मी होते ना तिथे. गवतावर. तुमचे बूट माझ्या मांडीवर होते. टोपीसुद्धा कोरडी होती."

"टाळ्या पडतात गं तिथे," तो म्हणाला. आवाज एवढा बारीक निघाला की त्यालाच लाज वाटली.

बायकोने पाव न कापताच डब्यात ठेवला. "तुम्ही माझ्याशी खोटं बोललात तर मी चार दिवस अबोला धरीन आणि विसरेन," ती म्हणाली. "पण त्या बाईच्या पोरी काठावर उभ्या असणार. मी पण असणार. त्यांच्या शेजारी उभं राहून मी कुठे बघायचं, ते तेवढं सांगा."

"सांगतो मी कोचबाईंना."

"कधी?"

"बुधवारी."

पण बुधवारच्या आत त्याच्या डोक्यात दुसरंच भूत शिरलं. खोटं खरं करून टाकायचं. एकदा खरोखर चारशे मीटर पोहलो तर राहिली फक्त तारखेची चूक, असा त्याने हिशेब मांडला. बुडत्या माणसाचा हिशेब असाच असतो. मंगळवारी सकाळी कामाला जायच्या आधी तो एकटाच मोठ्या तलावावर गेला. कपडे सायकलवर ठेवले, घड्याळ चालू केलं आणि उतरला.

पहिले पन्नास मीटर तो मोजत गेला. पाणी गार, आकाश स्वच्छ. एका बाजूला पंपाची खोली दिसत होती. सत्तराव्या मीटरला त्याने खाली पाहिलं. पाहू नये हे ठाऊक असून पाहिलं. हिरवट अंधार वर आला आणि त्याच्या छातीवर बसला. त्याने श्वास घेतला तो पाण्याचा घेतला. हात कुठल्या कुठे. पुढे पाणी मोजायची खूण म्हणून साखळीने बांधलेलं एक पत्र्याचं पिंप तरंगत होतं. तिथपर्यंत तो कसा पोचला हे त्याला नंतरही सांगता आलं नाही. त्याने पिंपाला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि तिथेच राहिला. काठ नव्वद मीटरवर होता. नव्वद मीटर म्हणजे तीस मजल्यांची इमारत आडवी पाडली तर तेवढीच, आणि ती त्याला ओलांडता येईना. ओरडावं तर आवाज फुटेना. पत्रा गालाला कापत होता. आपण इथेच मेलो तर काठावरच्या सायकलीला कुलूप लावलेलं नाही, एवढा एकच विचार पुन्हा पुन्हा येत राहिला.

पाऊण तासाने पंपावरचा माणूस होडी घेऊन आला. त्याने आधी वल्हं ठेवलं, मग नीट पाहिलं.

"काय हो, लग्न लावायचंय का पिंपाशी? सोडा आता त्याला."

बोटं सुटेनात. त्या माणसाने एकेक बोट उलगडून सोडवलं.

तो कामावर गेला. दोन लिफ्ट तपासल्या, कार्डावर सह्या केल्या. सही मात्र वेगळीच दिसत होती. होडीत चढताना सवयीने घड्याळाचं बटण दाबलं होतं, पुढे त्याच्या ते लक्षातच राहिलं नाही. मोबाईल जवळ येताच घड्याळाने आपलं इमान राखलं आणि सगळं सॉफ्टवेअरवर पाठवून दिलं. उघडं पाणी, ब्याण्णव मीटर, सत्तेचाळीस मिनिटं, नाडी एकशे अठ्ठ्याहत्तर.

एवढी खरी नोंद त्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरी नसेल. पण पोहणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते: उघड्या पाण्यात घड्याळाचं अंतर नेहमी चुकतं. वेळ तेवढी खरी. त्यामुळे सगळ्यांनी अंतर सोडून दिलं आणि वेळ वाचली. बुधवारी बेकरीवाली दारातच भेटली.

"दादा! सत्तेचाळीस मिनिटं पाण्यात! एकटे! अहो, मी तुमच्या जोडीला म्हणजे नशीबच काढलं. मुलींना सांगितलं मी, म्हटलं, तुमच्या आईला वाघ मिळालाय."

लोक पाठीवर थापा मारून गेले. एकाने विचारलं, इतका वेळ पाण्यात राहायचं गुपित काय? लिफ्टवाला म्हणाला, "धरून ठेवायचं." सगळे हसले.

कोचबाई मात्र हसल्या नाहीत. सगळे पांगल्यावर त्यांनी त्याला तिकिटाच्या खिडकीशी बोलावलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"ब्याण्णव मीटर, सत्तेचाळीस मिनिटं. काय करत होतास?"

दार उघडं होतं. एका वाक्याचं काम होतं. खिडकीच्या काचेत त्याला मागे भिंतीवरचा पडदा दिसत होता आणि त्यावर त्याचे तीन अर्धे पिवळे चौकोन ओळीने. एक टोक जरी ओढलं असतं तरी सगळं विस्कटलं असतं: टाळ्या, थापा, चिकाटी, वाघ. ते गेल्यावर काय उरणार होतं? मशीनरूम.

"घड्याळ चुकलं, बाई," तो म्हणाला.

कोचबाईंनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "बरं," म्हणाल्या आणि चष्मा खाली ओढला.

घरी बायकोने विचारलं नाही. त्याचा चेहरा बघून तिने ताट वाढलं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. त्यानंतरचे तीन दिवस त्या घरात भांड्यांचा आवाज तेवढा होता. शनिवारी तो तिला म्हणाला, "उद्या पाणी शांत असेल. तीनशेच तर आहेत. मी कडेकडेने नेईन तिला." बायको म्हणाली, "आणि तुम्हाला कोण नेईल?"

रविवारी ऊन चांगलं होतं. काठावर नवख्यांची गर्दी, सायकली ओळीने, टॉवेल खाली पसरलेले. नवख्यांना पिवळ्या टोप्या, जोडीदारांना पांढऱ्या. लिफ्टवाल्याने पांढरी टोपी कानांवर ओढली. बेकरीवालीच्या दोन्ही मुली दोरीपलीकडे उभ्या होत्या. त्यांनी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आई, परत ये'. गंमत म्हणून लिहिलं होतं. त्यांच्या शेजारी त्याची बायको उभी होती आणि ती जमिनीकडे बघत होती.

बेकरीवाली आज हसत नव्हती. रंग उतरलेला, ओठ कोरडे. तिने त्याचं मनगट धरलं.

"दादा, मला आतून कसंतरी होतंय. तुम्ही हात लांब करून पोहाल ना? म्हणजे मला दिसाल."

तिच्या बोटांची पकड त्याने ओळखली. मंगळवारी त्याची स्वतःची बोटं पिंपावर अशीच आवळलेली होती. पाण्यात ही बाई त्याला धरणार, आणि त्याला धरायला काहीही नसणार. खाली दोघंही. हे त्याला इतकं स्वच्छ दिसलं की भीती वाटायलाही जागा राहिली नाही.

"दोन मिनिटं!" कोचबाई ओरडल्या.

त्याने टोपी काढली. गर्दीतून वाट काढत कोचबाईंपर्यंत गेला. बेकरीवालीने मनगट सोडलं नव्हतं, म्हणून तीही ओढली गेली.

"बाई, मी चारशे पोहलेलो नाही."

"काय?"

"तिसऱ्या शर्यतीत मी पाण्यात उतरलोच नव्हतो. सायकलींच्या मागे बसलो होतो. आणि मंगळवारचं घड्याळ बरोबर होतं. ब्याण्णव मीटर. बाकीचा वेळ पिंपाला धरून होतो."

बेकरीवालीने त्याचं मनगट सोडलं. आधी एक बोट, मग सगळी.

कोचबाईंनी शिट्टी हातात घट्ट धरली. "मी विचारलं होतं तुला."

"हो."

"विचारलं होतं मी!" आणि मग हळू आवाजात, "मला शंका आली म्हणून मी होडी तुमच्या बाजूला ठेवली होती आज."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?" बेकरीवाली ओरडली.

"ठाऊक नव्हतं. शंका होती. शंकेवरून मी त्याला खोटा म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. ती माझी चूक."

"मग मी जाते एकटी! होडी आहेच ना शेजारी."

"जोडीदाराशिवाय नाही. दुसरा कुणी रिकामा नाही आज."

"अहो पण सहा महिने! सहा महिने मी चार वाजता भट्टी पेटवून मग पोहायला येतेय!" ती लिफ्टवाल्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात नव्हतं. "बुधवारी सांगितलं असतंत तर दुसरा मिळाला असता. बुधवारी मी तुमच्यासमोर उभी होते. वाघ म्हटलं मी तुम्हाला. मुलींसमोर म्हटलं."

भोंगा वाजला. पिवळ्या आणि पांढऱ्या टोप्या जोडीजोडीने पाण्यात शिरल्या आणि काठावर एक पिवळी टोपी राहिली.

कोचबाईंनी टेबलावरचा टॅब त्याच्यापुढे सरकवला. कुलूप त्यांनी उघडलं होतं. "बदल. तुझ्या हाताने."

त्याने तिसऱ्या शर्यतीचा चौकोन उघडला. 'अपूर्ण' काढलं, 'सुरूच नाही' ठेवलं. कारण? त्याने लिहिलं, 'भीती'. सॉफ्टवेअर घेईना. 'कारण फार लहान आहे, थोडं सविस्तर लिहा,' म्हणालं. एरवी कुणी हसलं असतं. त्याने लिहिलं, 'पाण्याखाली तळ दिसत नाही म्हणून मला भीती वाटली आणि मी लपून बसलो'. घेतलं. पिवळा रंग गेला आणि चौकोन पोकळ झाला. मग आजची शर्यत, तिचाही चौकोन पोकळ.

"आता माझं," बेकरीवाली मागून म्हणाली. "तुम्हीच लिहा."

"काय लिहू?"

"सुरूच नाही. कारण, जोडीदार खोटं बोलला."

त्याने एकेक अक्षर लिहिलं. तिने खांद्यावरून वाचलं, शेवटचा शब्द पूर्ण होईपर्यंत थांबली. मग टोपी काढून टेबलावर टाकली आणि मुलींकडे गेली. धाकटीने पुठ्ठा पाठीमागे लपवला. लिफ्टवाल्याची बायको काहीतरी म्हणाली, बेकरीवालीने मान हलवली, ती होकाराची की नकाराची हे इतक्या लांबून कळलं नाही. तिघी गाडीत बसल्या. पुढच्या बुधवारी ती येईल की कायमची गेली, हे विचारण्याचा हक्कही त्याच्याकडे उरला नव्हता.

तो टेबलाशी उभाच राहिला. जावं कुठे हे कळेना. कोचबाई दुर्बीण डोळ्यांना लावून पाण्याकडे बघत होत्या. त्याच्याकडे न वळताच म्हणाल्या, "उभाच आहेस तर बाहेर येणाऱ्यांच्या नोंदी घे. मला पाण्यावरून नजर काढता येत नाही."

"मी?"

"दुसरं कोण आहे इथे?"

त्याने टॅब घेतला. ऊन पडद्यावर चमकत होतं, म्हणून अंगाची सावली करून उभा राहिला. दहा मिनिटांनी होडीने एका दाढीवाल्या नवख्याला काठावर आणून सोडलं. तो टॉवेल गुंडाळून, दात वाजवत टेबलापाशी आला.

"अपूर्ण लिहा. अडीचशे मीटर."

होडी आजच्या दोनशे मीटरच्या फुग्याच्या बरीच अलीकडून निघालेली लिफ्टवाल्याने पाहिली होती. त्याने बोट पडद्यावर धरलं आणि काही न बोलता थांबला.

"दोनशे लिहा मग. काय फरक पडतो हो?"

लिफ्टवाला थांबूनच राहिला. त्या माणसाने पाण्याकडे पाहिलं, मग आपल्या ओल्या पायांकडे, मग इकडेतिकडे कुणी ऐकतंय का ते.

"एकशे चाळीस असतील," तो पुटपुटला.

"एकशे चाळीस," लिफ्टवाला म्हणाला, आणि तेवढेच लिहिले.